आपोआप पडलेले नाल

मंगळवारी सकाळी आबांनी जांभळीच्या पुढच्या डाव्या पायाला नाल ठोकला, शेवटच्या खिळ्याचं टोक वळवलं आणि हातोडी जमिनीवर ठेवली.

"हा नाल पडला ना, त मी पुन्हा हातोडी धरत नाही," ते म्हणाले.

जांभळीचा मालक धोंडबा आपल्या चपलांकडे पाहत होता. त्याचा पुतण्या चेतन लगाम धरून उभा होता, त्यानं उगाच घोडीच्या आयाळीतून बोटं फिरवली. खिळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली आबांची तेरा वर्षांची नात प्रणाली आबांच्या हातांकडे पाहायचं टाळत होती. ते हात थरथरत होते. हिवाळ्यापासून थरथरायचे, पण चहाची कपबशी धरताना. हातोडी धरली की थांबायचे. आज थांबले नव्हते.

देवाजी आबा नालबंद होते. घोड्यांच्या खुरांना लोखंडी नाल ठोकणं हे त्यांचं काम, अगदी वयाच्या चौदाव्या वर्षापासून. नागपूरच्या रस्त्यांवर टांगे धावायचे तेव्हा पाचपावलीतल्या त्यांच्या दारापुढे घोड्यांची रांग लागायची. मग टांगे गेले. उरल्या त्या लग्नाच्या वरातीतल्या घोड्या, आणि त्यांतली आबांची सगळ्यात लाडकी ही जांभळी, पिकल्या जांभळासारखी काळी. धोंडबाच्या घरी पूर्वी हातमाग होता. माग बंद पडला तेव्हा त्यानं टांगा घेतला, टांगा बंद पडला तेव्हा ही घोडी. बारा वर्षं झाली, जांभळीच्या पायाला आबांशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता.

आणि होळीपासून तिचे नाल पडत होते. एक नाही, दोन नाही, सहा, आणि सगळे याच पायाचे. आबा नाल ठोकायचे आणि आठ-दहा दिवसांत तो एखाद्या वरातीत निसटून जायचा. परवा रविवारी तर जरीपटक्याच्या भर बाजारात सहावा निसटला. जांभळी ठेचकाळली आणि नवरदेव सेहऱ्यासकट तिच्या मानेवर घसरला. बँड थांबला, वऱ्हाडी हसले, कोणीतरी व्हिडिओ काढला. सोमवारी दुपारपर्यंत तो गल्लीतल्या एकूण एक मोबाइलवर जाऊन पोचला होता. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'नालबंद कोन हाय बे?'

आबांनीही तो पाहिला. दोनदा पाहिला. मग मोबाइल प्रणालीच्या आईच्या हातात परत देत म्हणाले, माझाच हात गेला असेल. साठ वर्षं चालला, आणखी किती चालेल. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

येत्या शनिवारी पुन्हा वरात होती. हा सातवा नाल तोवर टिकला, तर टिकला.

"सातवा बी पडते, पाहून घे," नंतर आबांच्या ओट्यावर बसून प्रज्वल म्हणाला.

प्रज्वल प्रणालीचा मावसभाऊ, बारा वर्षांचा, सुट्टीसाठी काटोलहून आलेला. मनात आलं की ते तोंडातून बाहेर पडायचंच. प्रणालीनं त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्यानं हातातली आंब्याची कोय घाईघाईनं तोंडात कोंबली. ओट्यावर बसलेली तिसरी होती भूमिका, शेजारच्या घरातली. ती कमी बोलायची आणि सगळं ऐकायची.

"मले एक सांगा," प्रणाली म्हणाली. "सहा नाल पडले. ते हायेत कुठं?"

पडलेला नाल नालबंदाकडे परत आणायचा, अशी जुनी रीत होती. आबा तो उलटसुलट करून पाहायचे. खिळा वाकला असेल, तर ठोकताना तो तिरका गेला होता. खुराचा तुकडा चिकटून आला असेल, तर खिळा फार कडेला बसला होता. परीक्षेचा पेपर तपासून हातात मिळावा तसं होतं ते. पण या सहांतला एकही पेपर आबांच्या हाती आला नव्हता. आबांनी धोंडबाला विचारलं, धोंडबानं चेतनला. वरातीत घोडीचा लगाम चेतनच धरायचा. दर वेळी तो सांगायचा, गर्दीत हरवला.

एक हरवेल, दोन हरवतील. सहाच्या सहा?

मग प्रणालीनं खिशातून एक खिळा काढला. सकाळी नाल ठोकून झाल्यावर तबेला झाडताना तो तिला पेंढ्यात सापडला होता; सहावा नाल गेला तरी हा खुरातच अडकून राहिला असणार आणि मग इथं गळला असणार. तिनं दोघांना नीट समजावून सांगितलं. नालाचा खिळा खालून ठोकला, की त्याचं टोक खुराच्या बाहेर निघतं. ते टोक आबा खाली वळवून घट्ट बसवतात. त्या वळणामुळेच नाल पायात राहतो. आपसूक निसटणारा खिळा त्या वळणाशी झगडत, वाकडातिकडा होऊनच बाहेर येईल. पण हा खिळा सुईसारखा सरळ होता. वळण नव्हतंच. टोक सपाट होतं आणि चकाकत होतं.

भूमिकानं त्यावरून बोट फिरवलं. "घासलं हाय कोणीतरी."

"कानशीनं," प्रणाली म्हणाली.

प्रज्वलनं कोय बाहेर काढली. "पन काहून? घोडीचा नाल ढिला करून कोनाले काय भेटते?"

ते अजून शोधायचं होतं. मात्र एक गोष्ट त्यांच्या हातात होती. आबा आपल्या प्रत्येक नालाच्या पुढच्या कडेला छिन्नीनं एक बारीक टिंब उठवायचे. टिंबाचे सहा नाल शोधायचे, बस. आबांना मात्र इतक्यात काही सांगायचं नाही, असं प्रणालीनं बजावलं. आशा लावली आणि ती फुसकी निघाली, तर ते आणखी खचले असते.

प्रज्वलनं एका कोऱ्या वहीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सुट्टीतील उपक्रम – नाल व त्याचे उपयोग.' त्याचं म्हणणं असं, की उपक्रम हा शब्द दिसला की मोठी माणसं दार उघडतात, थंड पाणी देतात आणि विचारलं नाही तेही सांगतात.

ते खरंच निघालं. पहिल्याच घरातल्या काकूंनी सांगितलं, नाल दाराच्या चौकटीवर ठोकायचा आणि त्याचं तोंड वर ठेवायचं, म्हणजे घरातलं चांगलं सांडत नाही. समोरच्या काकू आपल्या गॅलरीतून ओरडल्या, की तोंड खालीच पाहिजे, म्हणजे ते घरात सांडतं. दोघींची त्यावरून अशी जुंपली, की दोघींच्या गॅसवरचं दूध उतू गेलं. एका आजोबांनी मधल्या बोटातली काळी लोखंडी अंगठी दाखवली. नालाच्या लोखंडाची, शनीसाठी, शनिवारी घालायची. कोणी नाल पाळण्याखाली ठेवला होता, कोणी तांदळाच्या डब्यात. गल्लीच्या तोंडाशी भूमिकाच्या बाबांचा टेंपो उभा होता. शहराबाहेरच्या वाडी भागातल्या गोदामांतून ते माल वाहायचे. टेंपोच्या पुढे जुन्या चपलेशेजारी एक नाल तारेनं बांधलेला होता. भूमिकानं तो रोज पाहिला होता. आज तिनं वाकून पाहिलं आणि ती वाकलेलीच राहिली.

पुढच्या कडेला टिंब होतं.

निवृत्त मास्तर मनोहरराव यांनी तर तासच घेतला. कपाटातून नालाच्या आकाराचं चुंबक काढून त्यांनी टाचण्या उचलून दाखवल्या. नदी आपलं वळण सोडून सरळ निघून जाते, तेव्हा मागे जे पाणी साचून राहतं त्याला नालाकृती सरोवर म्हणतात, हे लिहून घ्यायला सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, हे सगळं पुस्तकातलं. खरा गुण यायचा तर नाल काळ्या घोड्याचा हवा, रस्त्यावर चालून झिजलेला हवा, आणि मुख्य म्हणजे आपोआप पडलेला हवा. पायातून ओढून काढलेला चालत नाही. शास्त्र आहे ते.

त्यांच्याही दारावर एक होता. टिंबाचा.

संध्याकाळपर्यंत पाच सापडले, चार दारांवर आणि एक टेंपोवर. पाचही ठिकाणी उत्तर एकच मिळालं. चेतननं दिला. बिचाऱ्यानं चहासुद्धा घेतला नाही, पण आईची शपथ घेऊन सांगितलं, की हा आपोआप पडला आहे.

ओट्यावर परत येऊन प्रज्वलनं वही वाचून दाखवली. "एकूण उपयोग अकरा," तो म्हणाला आणि जरा थांबला. "घोडीच्या पायाले लावतात, हे कोनीच नाही सांगितलं."

एरवी यावर तिघं पोट धरून हसली असती.

भूमिका नखांनी ओट्याचा चुना खरवडत होती. तिनं एवढंच विचारलं, की बाबांना ठाऊक नसेल ना. प्रणाली म्हणाली, नसेलच. प्रज्वल उठून कोपऱ्यावर गेला आणि स्वतःसाठी घ्यायची कुल्फी तिच्या हातात देऊन गुपचूप शेजारी बसला.

प्रणालीला वेगळंच काहीतरी टोचत होतं. चेतनदादानं तिला सायकल शिकवली होती. गल्लीतल्या प्रत्येक पोराला त्यानं जांभळीवर बसवून चौकापर्यंत फिरवून आणलं होतं. होळीच्या दिवशी त्याची आई, इंदूबाई, अंगणात कोसळली. तेव्हापासून तिचं अर्धं अंग लुळं होतं, आणि तिला भरवणं, धुणं, कूस बदलणं सगळं तो एकटा करत होता. कानशीनं खिळे घासणारा माणूस तोच असेल, हे तिला म्हणावंसं वाटत नव्हतं. पण दुसरीकडे आबा रोज सकाळी उठून आपले दोन्ही हात समोर धरून पाहायचे, हेही तिला दिसत होतं.

"मी विचारते त्याले," भूमिका अचानक म्हणाली. "पन वेगळ्या तऱ्हेनं."

गुरुवारी संध्याकाळी चेतन जांभळीला पाणी पाजत असताना ती एकटीच तबेल्यात गेली. आजीचे गुडघे फार दुखतात, दारावर लावायला एक नाल मिळेल का, असं तिनं विचारलं. पण आजी म्हणते, आपोआप पडलेलाच पाहिजे. चेतननं बादली जांभळीच्या तोंडाशी आणखी सरकवली. मग तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "आजीले सांग, देतो. रविवारी सकाळी ये. शनिवारच्या वरातीत पडते."

भूमिका धावतच परत आली.

"आपोआप पडनारा नाल," ती म्हणाली, "शनिवारी पडनार, हे त्याले गुरुवारीच कसं समजलं?"

मे महिन्यात नागपूरला दुपारी दोन वाजता रस्त्यावर कुत्रंही नसतं. घरोघरी कूलर घोंघावत असतात आणि माणसं दारं लावून निपचित पडलेली असतात. कोणाला न दिसता काही करायचं असेल, तर तीच वेळ. म्हणून शनिवारी दीड वाजताच तिघं तबेल्यातल्या कडब्याच्या ढिगामागे जाऊन बसली. मागच्या भिंतीआड धोंडबा आणि आबा होते. प्रणालीनं त्यांना हात जोडून सांगितलं होतं, की एकच तास बसा, आणि का ते विचारू नका. धोंडबा कुरकुरला होता. आबा लगेच उठून आले होते.

कडबा टोचत होता. प्रज्वलला शिंक येत होती, ती त्यानं नाक चिमटून तीनदा परतवली.

डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून चेतन आत आला. त्यानं आधी जांभळीला गुळाचा खडा दिला. मग कमरेची कानस काढली आणि पुढचा डावा पाय उचलला. जांभळीनं कान मागे पाडले आणि पाय ओढून घेतला. त्यानं पुन्हा उचलला, तिनं पुन्हा ओढला.

"झालं वं माय, झालं. थोडसंच," तो तिला चुचकारत होता. "शेवटचं. आता कोनी मांगलं त नाही म्हनतो."

खर्र, खर्र. एक खिळा झाला. दुसरा झाला. प्रज्वल उठायला लागला, तसा प्रणालीनं त्याचा शर्ट धरला. तिसरा खिळा झाला आणि चेतनच्या अंगावर सावली पडली.

आबा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त त्याच्या हातातून कानस काढून घेतली.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

चेतन होता तिथंच खाली बसला. मुलं कडब्यामागून बाहेर आली, त्यांच्याकडेही त्यानं पाहिलं नाही. जे सांगितलं ते जमिनीकडे पाहून, तुटक तुटक सांगितलं.

होळीच्या दिवशी आई पडली तेव्हा सगळी गल्ली धावून आली होती. मनोहररावांनी तिला उचललं, भूमिकाच्या बाबांनी टेंपोत घालून दवाखान्यात नेलं, काकू तिच्या उशाशी बसून राहिल्या. त्याच आठवड्यात जांभळीचा पहिला नाल पडला, तो खरोखरच आपणहून पडला होता. कोणीतरी म्हणालं, काळ्या घोडीचा आहे, आईच्या समोर दारावर लाव. त्यानं लावला. दुसऱ्या दिवशी आईचं एक बोट हललं. ही गोष्ट गल्लीत पसरली आणि मग एकेक जण येऊ लागला. कोणाचा मुलगा नापास होत होता, कोणाच्या मुलीचं लग्न जुळत नव्हतं, कोणाचा टेंपो सारखा बंद पडत होता. आणि सगळ्यांना आपोआप पडलेलाच हवा होता.

"ज्याईनं माझ्या मायले उचलून नेलं, त्याईले नाही कसा म्हनू आबा?" चेतन म्हणाला. "आन मी खोटं नाही बोललो कोनाशी. एक बी नाल ओढून नाही काढला. फक्त खिळे घासले. पडला तो आपोआपच पडला."

त्याला ते खरंच तसं वाटत होतं. हे सगळ्यांना दिसलं, म्हणून क्षणभर कोणालाच त्याच्यावर रागावता येईना.

"आन माझा हात?" आबांनी विचारलं.

चेतननं दुपट्ट्यात तोंड लपवलं. "वाटलं, वय झालं म्हनतील. म्हाताऱ्या मानसाले कोन बोलते."

धोंडबानं हात उगारला. आबांनी तो वरच्या वर धरला आणि खाली केला. मग ते जांभळीपाशी बसले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि बोटानं खुराची कड चाचपू लागले. बराच वेळ. प्रणाली त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. आता त्यांच्या कपाळावरची आठी जाईल, आता ते हसतील, असं तिला वाटत होतं. चार दिवस ती त्याच क्षणाची वाट पाहत होती.

आबा हसले नाहीत. त्यांनी अंगठ्यानं कड जराशी दाबली आणि खुराचा एक तुकडा वाळक्या भाकरीसारखा तुटून त्यांच्या हातात आला. जांभळीच्या अंगावर शहारा उठला. होळीपासून पुन्हा पुन्हा तिथंच खिळे ठोकून कडेला नुसती भोकंच भोकं झाली होती, भोकाला लागून भोक. नवा खिळा धरायला जागाच उरली नव्हती.

धोंडबानं हात जोडले. आजचा एक दिवस तेवढा काढून दे, संध्याकाळी वरात आहे, मी शब्द दिला आहे, असं तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला.

"हात हाय धोंडबा," आबा म्हणाले. "जागा नाही."

खूर नखासारखा वाढतो, पण फार हळू. पूर्ण नवा यायला वर्ष लागतं. तोवर जांभळीला नाल नाही, म्हणजे डांबरी रस्ता नाही, म्हणजे वरात नाही. आबांनी पक्कड मागितली. प्रणालीनं ती दिली. मंगळवारी ठोकलेला नाल त्यांनी खुराचा कणही न सांडता अलगद काढला, मग उरलेल्या तिन्ही पायांचे काढले आणि चारही धोंडबाच्या पुढ्यात ठेवले. धोंडबा घोडीच्या पोटाला कपाळ टेकून उभा होता.

प्रज्वल तबेल्याच्या दारात जाऊन बाहेरच्या उन्हाकडे पाहत राहिला. "आपन जिंकलो ना वं?" त्यानं प्रणालीला विचारलं. ती खाली वाकून काढलेले खिळे एकेक करून वेचू लागली.

त्या संध्याकाळी नवरदेव मोटारीतून गेला.

गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. रविवारी सकाळपासून माणसं एकेक करून आबांच्या ओट्याशी येऊ लागली, कोणी पिशवीत, कोणी वर्तमानपत्रात गुंडाळून. मनोहररावांनी नाल ओट्यावर ठेवला आणि बराच वेळ चष्मा पुसला. भूमिकाच्या बाबांनी तिच्या देखत टेंपोची तार कापली. तिच्याकडे न पाहताच त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. दोन काकू बरोबरच आल्या आणि एकमेकींशी एक शब्दही भांडल्या नाहीत.

सर्वांत शेवटी चेतन आला. आईच्या दारावरचा नाल त्यानं काढून आणला होता.

"तो ने परत," आबा म्हणाले. "तो खरंच पडला होता. आन इंदूबाईले तिकडं पाहाची सवय झाली असन."

चेतन तो छातीशी धरून उभा राहिला. मग मनोहररावांच्या खोकल्यानं सगळे त्यांच्याकडे वळले. मास्तरांनी तिघांना पुढे बोलावलं. ते म्हणाले, की चाळीस वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं, पण निरीक्षण म्हणजे काय ते या तिघांनी त्यांना शिकवलं. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घोडी लंगडत होती, एक म्हातारा माणूस खचत होता, आणि आपण दारावर तोंड वर करायचं की खाली, याचा विचार करत होतो. त्यांनी देवाजींची हात जोडून माफी मागितली. मग बाकीच्यांनीही मागितली. तिघांच्या हातात उसाच्या रसाचे मोठे ग्लास आले, पाठीवर थापा पडल्या, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. प्रज्वलला एरवी टाळ्या फार आवडायच्या. आज तो ग्लासातल्या बर्फाकडे पाहत होता.

"आबा, तुम्ही बी बोला ना काई पोट्ट्याईसाठी," भूमिकाचे बाबा म्हणाले.

आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. हात थरथरत होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"सारे माझ्या हाताकडं पाहत होते," ते म्हणाले. "मी बी. हे माझी पोट्टी तेवढी खिळ्याकडं पाहत होती."

प्रणाली तेव्हा रडली. ग्लास तोंडाला लावून, कोणाला दिसणार नाही अशी.

सोमवारी सकाळी जांभळी निघाली. उमरेडकडे धोंडबाच्या बहिणीचं शेत होतं. तिथली माती मऊ, उघड्या खुरांना सोसेल अशी. वर्षभर ती तिथं राहणार होती. वर्षानं परत आणीन, असं धोंडबा म्हणाला. तो सत्तरीला आला होता, आबा त्याहूनही पुढे, आणि जांभळीचंही वय होत आलं होतं. नक्की ना, असं कोणी विचारलं नाही.

तबेल्यापासून टेंपोपर्यंतच्या रस्त्यावर चेतननं गोणपाटं अंथरली होती. पहाटेच उठून, ओली करून, एकाला एक जोडून. त्यावरून जांभळी चालत आली. गल्लीतली पोरं दोन्ही बाजूंनी उभी होती. कोणी तिच्या पाठीवर हात फिरवला, कोणी गूळ दिला. तिच्या पावलांचा आवाज येत नव्हता.

टेंपोला फळी लावली होती. तिथं येऊन ती थांबली. धोंडबानं लगाम ओढला, चेतननं मागून हलकेच ढकललं, पण ती फळीवर चढेना. तिनं मान वळवली. ओट्याच्या पायरीवर आबा बसले होते. ती त्यांच्याकडे चार पावलं गेली, गोणपाटावरून उतरून, आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. मग तिनं आपणहून पुढचा डावा पाय उचलून धरला.

आबांजवळ काहीच नव्हतं. हातोडी नव्हती, खिळे नव्हते. ते कोणाला काही आणायलाही सांगेनात. त्यांनी तो पाय मांडीवर घेतला, धोतराच्या सोग्यानं त्यावरची माती पुसली आणि तुटक्या खुरावर दोन्ही हात ठेवले. हात थरथरत होते. प्रणालीला ते दिसत होतं, सगळ्या गल्लीला दिसत होतं.

जांभळीनं पाय ओढून घेतला नाही. सगळा भार आबांवर टाकून, डोळे अर्धवट मिटून ती उभी राहिली. किती तरी वेळ.

मग आबांनीच तो हळूच खाली ठेवला.